डी अँड डी ची नियमपुस्तकं : कुठली घ्यायची आणि अद्ययावत कशी ठेवायची



मंडळाच्या कार्यक्रमात मोठ्यांचं नाटक चालू असताना मागच्या खोलीत आपली मुलं काय करतात, असा प्रश्न ज्यांना पडला असेल त्यांनी एकदा डोकावून पाहावं. पाच-सहा जण टेबलाभोवती बसलेले, मध्ये चिप्सचा ढीग, वीस बाजूंचे फासे, आणि एक जाडजूड पुस्तक ज्यावर सगळ्यांचं बोट! हा खेळ म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स', मुलांच्या भाषेत 'डी अँड डी'. पालकांकडून याबद्दल तीन प्रश्न सारखे येतात. कुठलं पुस्तक घ्यायचं? दोन वर्षांपूर्वी घेतलेलं पुस्तक आता 'जुनं' झालं असं मुलगी म्हणते, ते खरं का? आणि नेटवर सगळं फुकट असताना पन्नास डॉलर कशाला मोजायचे? तिन्ही प्रश्नांची मुळं एकाच गोष्टीत आहेत, ती म्हणजे नियमांच्या आवृत्त्या. म्हणून हा जरा लांबलेला लेख.

ज्यांना खेळच माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. एक जण सूत्रधार असतो, त्याला 'डंजन मास्टर' म्हणतात. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात. सूत्रधार प्रसंग सांगतो, खेळाडू आपलं पात्र काय करतं ते सांगतात, आणि जमेल की नाही याची शंका असेल तिथे फासा टाकून ठरवतात. कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. गोष्ट महिनोन्‌महिने चालते, आणि तुमचं पात्र मेलं की खरोखर डोळ्यांत पाणी येतं. त्यामुळे कुठला नियम खरा हा प्रश्न बारा वर्षांच्या मुलासाठी अजिबात क्षुल्लक नसतो.

आपल्याला हे नवीन नाही. मेंढीकोट किंवा झब्बू आठवा. चार गावची भावंडं सुट्टीत एकत्र आली की पहिला अर्धा तास 'आमच्याकडे असं नसतं' यातच जायचा. शेवटी ज्याचं घर त्याचा नियम. पत्त्यांना नियमपुस्तक नव्हतं म्हणून भांडण होतं. इथे नियमपुस्तक आहे, पण ते बदलत राहतं म्हणून भांडण. क्रिकेटमध्येही तेच आहे. नॉन-स्ट्रायकरला गोलंदाजाने धावबाद करण्याचा मुद्दा २०२२ साली एमसीसीने 'अनफेअर प्ले'च्या कलमातून काढून सरळ 'रन आउट'च्या कलमात टाकला. ज्याने जुनं पुस्तक वाचलं आहे तो अजून वाद घालतोय.

थोडा इतिहास, कारण त्याशिवाय घोळ कळत नाही

डी अँड डी १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी काढला. एका खोक्यात तीन छोट्या पुस्तिका, बस्स. १९७७ ते १९७९ या काळात 'अ‍ॅडव्हान्स्ड डी अँड डी'ची तीन मोठी पुस्तकं आली आणि तेव्हापासून तीन पुस्तकांचा संच ही पद्धत पडली. खेळाडूंसाठी 'प्लेयर्स हँडबुक', सूत्रधारासाठी 'डंजन मास्टर्स गाइड', आणि राक्षसांसाठी 'मॉन्स्टर मॅन्युअल'. दुसरी आवृत्ती १९८९ ची. १९९७ मध्ये 'विझार्ड्स ऑफ द कोस्ट'ने मूळ कंपनी टीएसआर विकत घेतली आणि १९९९ मध्ये 'हॅस्ब्रो'ने विझार्ड्सला घेतलं. तिसरी आवृत्ती २००० साली, तिचीच सुधारलेली '३.५' २००३ मध्ये, चौथी २००८ मध्ये आणि पाचवी २०१४ मध्ये आली. मग २०२४ मध्ये नवी प्लेयर्स हँडबुक आली. कंपनी तिला सहावी आवृत्ती म्हणत नाही. म्हणते, पाचवीच, फक्त नवे नियम. आमच्या धंद्यात याला 'मेजर व्हर्जन न बदलता केलेले ब्रेकिंग चेंजेस' म्हणतात आणि असं करणाऱ्याला शिव्या पडतात. असो.

यात चौथ्या आवृत्तीची गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. तोवर चुका दुरुस्त करायच्या म्हणजे मासिकातून खुलासा छापायचा किंवा पुढच्या मुद्रणात बदल करायचा. 'ड्रॅगन' मासिकातलं 'सेज अ‍ॅडव्हाइस' हे सदर १९७९ पासून हेच करत असे. वाचक शंका विचारायचे, सदर उत्तर द्यायचं. चौथ्या आवृत्तीच्या वेळी कंपनीने वर्गणी घेऊन नियमांचा डेटाबेस आणि पात्र तयार करण्याचं सॉफ्टवेअर उपलब्ध केलं. मग सॉफ्टवेअरची सवय लागली, तशी पॅचेसचीही लागली. नियम सारखे बदलू लागले. 'मॅजिक मिसाइल' हा जगप्रसिद्ध मंत्र तोवर कधीही न चुकणारा होता. चौथ्या आवृत्तीत २००८ मध्ये त्यासाठी फासा टाकून नेम लागतो का ते बघायचं ठरलं, आणि २०१० मध्ये शुद्धिपत्र काढून तो पुन्हा न चुकणारा केला. ज्याच्या हातात छापील पुस्तक होतं त्याचं पुस्तक दोन वर्षांत चूक ठरलं. आणि ज्याने नुसती वर्गणी भरली होती त्याचं काय झालं? ते पात्र बनवायचं साधन २०१० पासून 'सिल्व्हरलाइट'वर होतं. ते तंत्रज्ञानच काळाच्या पडद्याआड गेलं आणि १ जानेवारी २०२० पासून चौथ्या आवृत्तीची ती सगळी ऑनलाइन साधनं बंद झाली. छापील पुस्तक निदान चुकीचं का होईना, कपाटात आहे.

आवृत्ती वेगळी, मुद्रण वेगळं, शुद्धिपत्र वेगळं

मराठी पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानावर आपण 'पहिली आवृत्ती' आणि खाली 'पुनर्मुद्रण' अशा ओळी पाहतो. इथेही तसंच पान असतं, आणि पुस्तक घेताना आधी तेच उघडावं. मुखपृष्ठावर विसंबून राहू नये, कारण २०१४ ची हँडबुक आणि २०२४ ची हँडबुक, दोन्हींवर नाव तेच आणि आवृत्तीचा आकडा कुठेच नाही. आजी-आजोबा नातवाला वाढदिवसाला सेकंडहँड दुकानातून जुनी हँडबुक आणतात ते यामुळेच. ढोबळ खूण म्हणजे २०२४ च्या मुखपृष्ठावर मोठा सोनेरी ड्रॅगन आहे, २०१४ च्या मुखपृष्ठावर आगीचा राक्षस आहे. जाडीत पण फरक आहे. जुनी ३२० पानांची, नवी ३८४ पानांची. पण खात्रीचा पुरावा म्हणजे आतल्या पानावरचं कॉपीराइटचं साल.

त्याच पानावर बहुधा ९ ८ ७ ६ ५ असे उतरते आकडे असतात. त्यातला सर्वांत लहान आकडा म्हणजे तुमच्या प्रतीचं मुद्रण कितवं ते. पाचव्या आवृत्तीत प्रत्येक शुद्धिपत्रातले बदल पुढच्या मुद्रणात घालण्याची पद्धत आहे. म्हणजे एकाच वर्गातल्या दोन मुलांकडे 'तेच' पुस्तक असून एखाद्या मंत्राचा मजकूर वेगळा निघू शकतो, आणि दोघंही खरं बोलत असतात!

शुद्धिपत्र म्हणजे नुसत्या छपाईच्या चुका असं समजू नका. याचं एक उदाहरण मला फार आवडतं. २०१७ च्या एका पूरक पुस्तकात 'हीलिंग स्पिरिट' नावाचा साधा, दुसऱ्या पातळीचा मंत्र आला. एक आत्मा एक मिनिट एका जागी उभा राहतो, आणि आपल्या पाळीत त्याच्या जागेत पाऊल टाकणाऱ्याच्या जखमा एका सहा-बाजूंच्या फाशाइतक्या भरतात. खेळातला एक मिनिट म्हणजे दहा फेऱ्या. मुलांनी लगेच हिशेब केला. चार जणांनी दर्शनाच्या रांगेसारखं एकामागून एक त्या आत्म्यातून जायचं, दहा वेळा. म्हणजे चाळीस फासे, सरासरी साडेतीन धरली तर १४० गुण! एवढ्या छोट्या मंत्रात अख्खी पलटण ठणठणीत. २०२० च्या शुद्धिपत्राने त्यावर मर्यादा घातली. आत्मा एकूण किती वेळा बरं करणार, तर मंत्र टाकणाऱ्याच्या गुणाची भर अधिक एक. भर ४ असेल तर पाच वेळा, म्हणजे सरासरी साडेसतरा. १४० वरून साडेसतरा! पहिल्या मुद्रणाचं पुस्तक वाचणारा आणि नंतरचं वाचणारा एका टेबलावर बसले की काय होत असेल याची कल्पना करा.

शुद्धिपत्राच्या जोडीला 'सेज अ‍ॅडव्हाइस कॉम्पेन्डियम' आहे. ते जुन्या सदराचंच आजचं रूप, यात नियम कसा लावायचा याचे अधिकृत खुलासे असतात. मधल्या काळात खेळाच्या नियमांचे प्रमुख जेरेमी क्रॉफर्ड ट्विटरवर उत्तरं द्यायचे आणि लोक ती ट्विट्स पुरावा म्हणून दाखवायचे. २०१९ पासून कंपनीने स्पष्ट केलं की ट्विट म्हणजे सल्ला. अधिकृत तेवढं कॉम्पेन्डियममधलं. त्यामुळे कोणी २०१६ चं ट्विट दाखवून वाद जिंकू पाहत असेल तर त्याला हे सांगा.

२०१४ की २०२४?

नवीन सुरुवात करणाऱ्याने २०२४ ची घ्यावी. ज्यांचा गट २०१४ च्या नियमांनी मजेत खेळतो आहे त्यांनी काहीही नवीन घ्यायची गरज नाही. हे माझं स्पष्ट मत. हँडबुक १७ सप्टेंबर २०२४ ला आली, सूत्रधाराचं पुस्तक १२ नोव्हेंबरला आणि राक्षसांचं १८ फेब्रुवारी २०२५ ला. हँडबुकची छापील किंमत ४९.९९ डॉलर. तिन्ही घेतली तर दीडशेच्या घरात जातं, पण खेळाडूला पहिलंच पुस्तक पुरतं. तीनही फक्त सूत्रधाराला लागतात.

बदल काय झाले हे सगळं इथे मावणार नाही, पण ज्यावरून रोज खटके उडतात ते सांगतो. 'क्युअर वून्ड्स' मंत्र पूर्वी एका आठ-बाजूंच्या फाशाइतकं बरं करायचा, आता दोन. भर ३ असेल तर सरासरी साडेसात वरून बारावर गेली. औषधाची बाटली पिण्यात पूर्वी तुमची पूर्ण 'अ‍ॅक्शन' खर्च व्हायची, आता छोट्या 'बोनस अ‍ॅक्शन'मध्ये पिता येते. गंमत म्हणजे अनेक गट हे आधीपासूनच घरगुती नियम म्हणून करत होते; घरचा नियम पुस्तकात गेला. अचानक हल्ला झाला तर पूर्वी गाफील पात्राची पहिली पाळी वाया जायची. आता फक्त पाळी ठरवण्याचा फासा प्रतिकूल पद्धतीने टाकावा लागतो. थकव्याचा सहा पायऱ्यांचा किचकट तक्ता गेला. आता थकव्याच्या प्रत्येक पायरीला फाशातून २ वजा आणि वेग ५ फुटांनी कमी. सहाव्या पायरीला मृत्यू मात्र कायम.

एक सापळा मात्र मुलांच्या लक्षात येत नाही. जुन्या नियमांत पात्राच्या जातीवरून, म्हणजे एल्फ, ड्वार्फ वगैरेंवरून, ताकद-बुद्धी यांना जादा गुण मिळायचे. नव्यात 'जात' या शब्दाजागी 'स्पीशीज' आला आणि जादा गुण पात्राच्या पूर्वायुष्यावरून, म्हणजे 'बॅकग्राउंड'वरून मिळू लागले. आता एकाने जुन्या पुस्तकातली जात आणि नव्या पुस्तकातलं बॅकग्राउंड घेतलं की जादा गुण दोनदा! उलट केलं की एकदाही नाही. नव्या हँडबुकने याची सोय केली आहे. जुन्या जातीचे जादा गुण सोडून द्यायचे, आणि बॅकग्राउंड जुनं असेल तर गुण वरून द्यायचे. पण ही चौकट कोणी वाचत नाही. पात्राचा कागद तपासताना पालकांनी ही एक गोष्ट बघितली तरी पुष्कळ झालं.

नेटवर फुकट काय मिळतं

बरंच काही, आणि अगदी कायदेशीर. तिसऱ्या आवृत्तीबरोबर २००० साली कंपनीने 'ओपन गेम लायसन्स' आणि 'सिस्टिम रेफरन्स डॉक्युमेंट', म्हणजे 'एसआरडी', अशी जोडगोळी आणली. एसआरडी म्हणजे नियमांचा गाभा, जो कोणीही वापरून आपली पुस्तकं काढू शकतो. पाचव्या आवृत्तीचं एसआरडी २०१६ साली आलं. जानेवारी २०२३ मध्ये हे लायसन्स बदलून जाचक करण्याचा मसुदा फुटला आणि जगभरचे खेळाडू खवळले. शेवटी २७ जानेवारी २०२३ ला कंपनीने माघार घेतली आणि एसआरडी ५.१ हे दस्तऐवज 'क्रिएटिव्ह कॉमन्स अ‍ॅट्रिब्यूशन ४.०' खाली मोकळं केलं. हे लायसन्स मागे घेता येत नाही. २०२४ च्या नियमांचं एसआरडी ५.२ एप्रिल २०२५ मध्ये त्याच लायसन्सखाली आलं, आणि लगोलग दुरुस्त्यांसह ५.२.१.

मात्र एसआरडी म्हणजे पूर्ण पुस्तक नव्हे. पात्रांचे बाराही वर्ग त्यात आहेत, पण प्रत्येक वर्गाचा एकच उपवर्ग. ५.१ मध्ये बॅकग्राउंड एकच होतं, ५.२ मध्ये चार आहेत. 'बिहोल्डर'सारखे कंपनीचे खास राक्षस नाहीत. हौसेने खेळायला हे भरपूर आहे. पुण्यातल्या मावसभावाला व्हिडिओ कॉलवर खेळात घ्यायचं असेल तर त्याला पन्नास डॉलरचं पुस्तक घ्यायला लावू नका, एसआरडीची पीडीएफ पाठवा. फक्त तुमच्या मुलाकडे ज्या सालाचं पुस्तक आहे त्याला जुळणारीच पाठवा. २०१४ ला ५.१, २०२४ ला ५.२.१. हँडबुकची पीडीएफ मात्र कंपनी विकतच नाही, तेव्हा कोणी 'पूर्ण हँडबुकची पीडीएफ' पाठवली तर ती चोरीची आहे हे समजून चला.

खरा त्रास गूगलचा. मंत्राचं नाव टाकलं की पहिल्या पानावर चार आवृत्त्यांचे, शिवाय कुणी घरी रचलेले नियम एकत्र येतात, आणि मोबाइलवर बघणाऱ्या मुलाला सगळे सारखेच दिसतात. एक विकी तर अशी आहे की तिच्यावर अधिकृत आणि घरगुती मजकूर शेजारीशेजारी नांदतो. अशा वेळी शब्दांवरून आवृत्ती ओळखायची. 'थॅको' दिसलं तर ती दुसरी आवृत्ती, म्हणजे तुमच्या लग्नाच्या आधीची. 'बेस अटॅक बोनस', 'फोर्टिट्यूड सेव्ह', 'फ्लॅट-फूटेड' हे शब्द तिसऱ्या आवृत्तीचे किंवा पहिल्या 'पाथफाइंडर'चे. 'हीलिंग सर्ज', 'एन्काउंटर पॉवर', 'डेली पॉवर' म्हणजे चौथी. 'प्रोफिशियन्सी बोनस' आणि 'अ‍ॅडव्हांटेज' दिसले की पाचवी. आणि त्यातही 'स्पीशीज', 'वेपन मास्टरी', 'ओरिजिन फीट' असतील तर २०२४. मुलांना ही यादी पाठ करून घ्या, पाढ्यांपेक्षा लवकर होते.

पैसे देऊन घेतलेलं डिजिटल

कंपनीची अधिकृत साइट म्हणजे 'डी अँड डी बियाँड'. ती २०१७ मध्ये दुसऱ्याच कंपनीने सुरू केली होती, २०२२ मध्ये हॅस्ब्रोने १४.६३ कोटी डॉलरला घेतली. साइट सोयीची आहे यात वाद नाही. शुद्धिपत्रातले बदल आपोआप येतात, पात्राची बेरीज-वजाबाकी तीच करते, आणि सूत्रधाराकडे वरच्या दर्जाची वर्गणी असेल तर एका घराने घेतलेली पुस्तकं गटातल्या इतरांना वापरता येतात. पाच घरांनी पाच प्रती घेण्यापेक्षा हे नक्कीच बरं.

पण 'आपोआप बदल' ही दुधारी तलवार आहे. २०२२ च्या मे महिन्यात एक नवं राक्षसांचं पुस्तक आलं तेव्हा त्याने मागे टाकलेली दोन जुनी पुस्तकं साइटवरून विक्रीतून काढली. आधी घेणाऱ्यांकडे ती राहिली, नव्यांना मिळेनात. एप्रिल २०२४ अखेर एखादाच उपवर्ग किंवा एखादाच राक्षस सुटा घ्यायची सोय बंद झाली, आता पुस्तक घ्यायचं तर अख्खं. आणि ऑगस्ट २०२४ मध्ये तर त्यांनी जाहीर केलं की सगळ्यांच्या पात्रांच्या कागदांवरचे मंत्र आणि जादूच्या वस्तू २०२४ च्या नियमांप्रमाणे बदलल्या जातील, जुने हवे असतील तर ज्याने त्याने हाताने टाइप करावेत. म्हणजे मुलगी दोन वर्षं जे पात्र खेळते आहे त्याचे मंत्र एका सकाळी वेगळेच! लोक इतके चिडले की काही दिवसांतच निर्णय मागे घेतला, आणि जुना मजकूर आता 'लेगसी' अशी चिठ्ठी लावून ठेवलेला असतो. पात्र तयार करताना ही चिठ्ठी बघायची सवय मुलांना लावावी. माझा सल्ला असा, की हँडबुक छापील घ्या, सोयीसाठी साइट वापरा, आणि पात्राचा कागद दर महिन्याला पीडीएफ करून स्वतःकडे ठेवा. बॅकअप नसलेला डेटा आपला नसतो, हे ऑफिसात आपण इतरांना सांगतोच की.

शेजारचं दुकान : पाथफाइंडर

चौथी आवृत्ती ज्यांना आवडली नाही त्यांच्यासाठी 'पायझो' कंपनीने २००९ मध्ये ३.५ च्या खुल्या नियमांवर 'पाथफाइंडर' काढला. दुसरी आवृत्ती ऑगस्ट २०१९ ची. २०२३ च्या लायसन्सच्या भानगडीनंतर त्यांनी ओजीएलशी संबंधच तोडला आणि नोव्हेंबर २०२३ पासून 'रीमास्टर' नावाने पुस्तकं नव्याने लिहिली. त्यामुळे नावंही बदलली. 'मॅजिक मिसाइल' तिथे आता 'फोर्स बराज' झाला आहे. नियम अद्ययावत ठेवण्याच्या बाबतीत मात्र मी पायझोला जास्त गुण देईन. 'आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस' या साइटवर कंपनीच्या परवानगीने पाथफाइंडरचे नियम फुकट असतात, कुठला नियम कुठल्या पुस्तकातला ते लिहिलेलं असतं, आणि जुनं-रीमास्टर यात बटणाने अदलाबदल करता येते. शुद्धिपत्रंही अलीकडे साधारण वर्षातून दोनदा ठरवून येतात. आधी सांगून येणारा बदल त्रास देत नाही.

'कॉल ऑफ क्थुल्हू' हा १९८१ पासूनचा भयकथांचा खेळ आणखी वेगळा. २०१४ च्या सातव्या आवृत्तीत मोठा बदल म्हणजे पात्राचे मूळ गुण पाचाने गुणून शंभरावर आणले. जुनं साहस नव्या नियमांनी खेळायचं तर पाचाचा पाढा पुरतो.

आपल्या टेबलापुरती व्यवस्था

इतकं सगळं कोण लक्षात ठेवणार? कोणीही नाही, म्हणून ते लिहून ठेवायचं. प्रत्येक गटाने एक पानी नियमपत्रक करावं. वर खेळाचं नाव आणि पुस्तकाचं साल, खाली कुठली पूरक पुस्तकं चालतील, त्याखाली घरचे नियम, आणि सर्वांत खाली तारीख. 'या तारखेपर्यंतची शुद्धिपत्रं मान्य' एवढं एक वाक्य लिहिलं की निम्मे वाद मिटतात. तारीख उलटी लिहावी, आधी साल, मग महिना, मग दिवस, म्हणजे फोल्डरमध्ये फायली आपोआप क्रमाने लागतात. अमेरिकेत महिना आधी आणि आपल्याकडे दिवस आधी, हा घोळही टळतो.

नवीन शुद्धिपत्र आलं म्हणून चालू साहसात ते लावू नये. शुक्रवारी संध्याकाळी प्रॉडक्शनला हात लावायचा नाही हा आमच्याकडचा अलिखित नियम. तसंच इथे ड्रॅगनशी लढाई अर्ध्यावर असताना नियम बदलायचा नाही. साहस संपलं, पात्रांची पातळी वाढली, की मग बसून बदल वाचावेत आणि मतं घ्यावीत. २०१४ वरून २०२४ वर जायचं असेल तर सगळ्यांनी एकदम जावं. अर्धे इकडे अर्धे तिकडे हे जमतं असं पुस्तक म्हणतं, पण सूत्रधाराचा जीव जातो.

छापील पुस्तकात पेन्सिलने दुरुस्ती करायला संकोच करू नये. पुस्तकाला सरस्वती मानणाऱ्या आपल्या घरांत हे जरा जड जातं खरं, पण समासात बारीक अक्षरात 'शुद्धिपत्र २०२०, पाच वेळाच' असं लिहिलेलं पुस्तक हे कोऱ्या पुस्तकापेक्षा जास्त कामाचं. शुद्धिपत्राची पीडीएफ साइटवर बदलत राहते, जुनी काढून तिथेच नवी ठेवतात, म्हणून उतरवून घेतलेल्या फाइलच्या नावातच तारीख घालावी. आणि हे काम एकाच मुलाकडे किंवा मुलीकडे द्यावं. मुलं 'रूल्स लॉयर' म्हणून ज्याला चिडवतात, तोच या कामाला उत्तम. वाद घालण्याची त्याची हौस सत्कारणी लागते.

मराठीत करायचं असेल तर

क्रिएटिव्ह कॉमन्समुळे एक दार उघडलं आहे ज्याकडे आपलं फारसं लक्ष गेलेलं नाही. एसआरडीचं भाषांतर करायला, त्यावर आपलं साहस लिहायला, इतकंच काय विकायलाही कोणाची परवानगी लागत नाही. फ्रेंच, जर्मन, इटालियन आणि स्पॅनिशमध्ये ५.१ ची भाषांतरं खुद्द कंपनीनेच काढली. मराठी शाळेच्या मोठ्या मुलांना व्याकरणाचे तक्ते भरायला लावण्यापेक्षा मंत्रांची पाच पानं भाषांतर करायला द्या, बघा किती शब्द विचारत येतात. 'सेव्हिंग थ्रो'ला 'बचाव' सहज जमतो. एक तासाच्या 'शॉर्ट रेस्ट'ला आमच्या गटात 'वामकुक्षी' रूढ झाला आहे आणि तो आता हटणार नाही. सह्याद्रीतला एखादा किल्ला, चोरवाटा, बुरुजाखालचं भुयार घेऊन रचलेलं साहस मुलं ज्या आवडीने खेळतात ते पाहण्यासारखं असतं.

अटी मोजक्या आहेत. मूळ एसआरडीच्या सुरुवातीला दिलेलं श्रेयाचं वाक्य जसंच्या तसं छापायचं, लायसन्सचा दुवा द्यायचा, आणि आपण बदल किंवा भाषांतर केलं आहे हे सांगायचं. मुखपृष्ठावर डंजन्स अँड ड्रॅगन्सचं बोधचिन्ह वापरता येत नाही. 'पाचव्या आवृत्तीशी सुसंगत' असं म्हणता येतं. आणि भाषांतर एसआरडीच्या कुठल्या क्रमांकावरून केलं, ५.१ की ५.२.१, ते पहिल्याच पानावर ठळक अक्षरात लिहा, म्हणजे पुढच्या वर्षी वर्गात येणारी मुलं तिथूनच पुढे दुरुस्त्या करू शकतील.